अकरा गोठ्यांची आळी

बोडी उंबऱ्यावर अडली ती अडलीच. पुढचे दोन पाय घरात, मागचे दोन ओट्यावर, आणि तोंडात कुणाच्या तरी दारातून उपसलेलं कडब्याचं धाट. भागाबाईने एका हाताने दावं ओढलं, दुसऱ्याने कडेवरची लेक कुंदा सावरली. मागून शेजारची बेबाबाई गाईच्या पुठ्ठ्यावर थापा घालत होती.

"चाल व माय, चाल. सहा घरे फिरी उनी, याच घरमा कशी तुले लाज वाटनी?"

"अक्का, तिले मझार अंधारं दिसी राहिनं."

"मंग तुले नही दिसत? तू नही ऱ्हास तठे?"

तेवढ्यात बोडीच्या मनात काय आलं कोण जाणे, ती मुकाट आत शिरली आणि चुलीवर पालथी घातलेली डाली हुंगत उभी राहिली. बेबाबाईने बरोबर आणलेल्या घमेल्यातला शेणाचा एक पो दाराशी, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा ठेवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि पायाने तो जरा डावीकडे सरकवला. पाहुणे यायच्या आधी बायका रांगोळी निरखतात तशी.

आळीच्या तोंडाशी निंबाच्या पारावर म्युनिसिपालिटीचा मोजणी कारकून तोताराम मागल्या घराची नोंद लिहीत बसला होता. त्याची पाठ आळीकडे होती. एकेक जागा पाहून झाली की तो पारावर जाई, दौत उघडी, टाक धोतराच्या सोग्याला पुसे आणि सावकाश लिहायला लागे. तेवढ्या वेळात बोडी पुढच्या घरी पोचे.

आळीत घरं अकरा होती आणि गाय एक.

पांझरा नदीच्या अलीकडे, जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, पाठीमागे ही आळी वसली त्याला फार वर्षं झाली नव्हती. कापसाच्या गाठी वाहायला, सरकी उचलायला शिरपूरकडून माणसं आली, मिळाली तेवढी जागा घेतली आणि धाब्याची घरं घालायला निघाली. त्याच सुमाराला मानमोडीचा ताप येऊन गेला. कोंदट खोल्यांतून घरंच्या घरं रिकामी झाली, आणि मग नियम आला. माणूस राहील त्या खोलीला जमिनीच्या दहाव्या हिश्शाएवढी खिडकी हवी. खिडकीमागे स्वतःच्या जागेतले तीन फूट मोकळे हवेत. नकाशा हवा, परवानगी हवी, तिची फी हवी. नियमात वाईट असं काही नव्हतं. पण ज्याची सगळी जागाच दहा फूट खोल, त्याने तीन फूट वाऱ्याला दिल्यावर चूल कुठे मांडावी आणि अंथरूण कुठे घालावं? सागाची चौकट, लोहाराचे गज, नकाशावाल्याची मजुरी; जीवराम गवंड्याने ओट्यावर खडे मांडून हिशोब केला तेव्हा एका हंगामाच्या मजुरीत उभं राहणारं घर दोन हंगाम खाऊ लागलं होतं.

जीवराम मोठा खटपट्या. त्याने कुणाकडून तरी नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचून घेतला. शेवटच्या पानावर गुरांचा गोठा निघाला. गोठ्याला नकाशा नको, खिडकी नको, मागे तीन फूट नकोत, फीसुद्धा नको. अट एकच, आत ढोर दिसलं पाहिजे.

त्या उन्हाळ्यात आळीने अकरा गोठे बांधले. गाय तेवढी बेबाबाईची होती. तिला शिंगं नव्हती, म्हणून तिला बोडी म्हणत. एकदा पाहिलेला माणूस तिला विसरला नसता.

तोताराम दारात आला तसा त्याने जोडा काढला. गोठ्यात शिरताना जोडा काढणारा माणूस भागाबाईने पहिल्यांदाच पाहिला. तो मूळचा यावलकडचा, अंगाने किरकोळ, काळी टोपी, हातात चामड्याच्या डबीतली फीत. त्याने बोडीकडे पाहिलं, बोडीने त्याच्याकडे. ओळख दोघांनीही दाखवली नाही.

"गोठ्यात काजळी बरीच धरली आहे," तो वर छताच्या लाकडांकडे पाहत म्हणाला.

"डास लागतस गायले, भाऊसाहेब," बेबाबाई पुढे झाली. "धूर करना पडस."

"आणि ही झोळी?"

"गवत ठेवाले."

कुंदाने नेमकी तेव्हाच झोळीकडे पाहून हात पसरले. पाच महिन्यांचं पोर. त्याला काय ठाऊक काय बोलायचं आणि काय नाही. तोताराम खोकला आणि त्याने फीत उलगडली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून भागाबाईने धरलं.

"बारा बाय दहा. एकशे वीस."

भागाबाईला सासरी काबरबाई म्हणत. काबर म्हणजे का. सूर्य रोज एकाच ठिकाणी का बुडत नाही, जिनाचा भोंगा कोण वाजवतं, धाब्यावर काळी माती चालत नाही आणि पांढरी का चालते, काहीही विचारायची. सासूने आधी राग केला, मग हसून नाव ठेवलं. आताही फीत हातात आली आणि तिच्याने राहवलं नाही.

"भाऊसाहेब, हाई जर घर ऱ्हातं, तं खिडकी केवढी लागती?"

बेबाबाईने डोळे वटारले. तोतारामने फितीवरून मान वर केली.

"घर असतं तर? दहावा हिस्सा. बारा चौरस फूट. म्हणजे तीन रुंद, चार उंच."

"आनी गायले?"

"गाईला काही नाही."

"काबर? गाय दम नही लेस का?"

फीत गुंडाळता गुंडाळता तोताराम थांबला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा, निदान कचेरीत तरी.

"नियमात गाईचं काही लिहिलेलं नाही, बाई," तो म्हणाला. "लिहिणारा कधी गोठ्यात निजला नसेल."

"तुमना घरले शे का खिडकी?" आता बेबाबाईलाही राहवेना.

"आहे ना. चांगली दोन आहेत. म्हणून तर अर्धा पगार भाड्यात जातो."

बेबाबाई पदर तोंडाला लावून हसली. भागाबाई हसली नाही. तिचं लक्ष फितीवर होतं. तीन फुटांच्या खुणेपर्यंत तिने आपलं कोपर आणि बोटं लावून पाहिली: बरोबर दोन हात. चारच्या खुणेपर्यंत दोन हात, एक वीत आणि चार बोटं. तोताराम डबी हातात धरून उभा राहिला. तिचं मोजून होईपर्यंत त्याने फीत ओढली नाही.

* * *

"खिडकी म्हंजे घर," भागाबाईचा नवरा चुडामण म्हणाला. तो नुकताच जिनातून आला होता. भुवयांवर, मिशांवर कापसाचा फुलोरा बसलेला, त्यामुळे पंचविशीतला माणूस साठीचा दिसत होता. "घर म्हंजे मागली भित तीन फूट मझार. मंग झोपसूत कोठे? बोडीना घर?"

"मी फक्त इचारी राहिनू."

"तुनं फक्त इचारनं माले म्हाईत शे." त्याने कुंदाला मांडीवर घेतलं. तिने त्याच्या मिशीचा कापूस ओढला आणि तोंडात घातला. "नही नही, बाई, ते खाऊ नको. देख, एक सापडना तं बठ्ठा सापडतीन. अकरा घरना लोके आपला नावनी बोंब मारतीन."

तो खोटं बोलत नव्हता. भागाबाईने भाकरी तव्यावरून उतरवली आणि धाब्यातल्या सान्याकडे पाहिलं. त्या सान्यातून, त्या वीतभर भोकातून, धूर वर जाई आणि उजेड खाली येई. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांची, पुढे दार, मागे कोरी भिंत. भिंतीपलीकडे नाला आणि बाभळी. बाभळींत दिवसभर कसली तरी पाखरं बोलत. आवाज येई, पाखरू दिसत नसे.

"पाऊस ऊना म्हंजे सानं झाकनं पडी," ती म्हणाली.

चुडामणने दारातून बाहेर पाहिलं. आळीच्या टोकाशी कमलबाईचं घर होतं. मागल्या पावसाळ्यात, सानं झाकलेलं असताना, तिचं तीन महिन्यांचं पोर खोकून खोकून गेलं होतं. तेव्हापासून कमलबाई कुणाच्या दारात फारशी बसत नसे.

* * *

आषाढात चुडामण निंदणीला गेला. पावसाळ्यात जीन बंद, मग हमालांना शेताची वाट धरावी लागे. आठ दिवस तो परत यायचा नव्हता. तो गेला आणि झड लागली. भागाबाईने धाब्यावर चढून सान्यावर मडकं पालथं घातलं आणि खाली उतरून चूल पेटवली. ओल्या काड्यांचा धूर भिंतीला धडकला, फिरून आला, आणि माणसासारखा घरात बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी कुंदा खोकायला लागली. चौथ्या दिवशी खोकताना तिचे ओठ निळसर दिसले. भागाबाई तिला पदराखाली घेऊन ओट्यावर बसली. पाऊस तिरपा होता, ओट्यावरही येत होता. आत धूर, बाहेर पाणी. पोराला ठेवावं कुठे?

दुपारी पाऊस थोडा थांबला तशी तिने कुंदाला झोळीत घातलं, झोळीला पायाने एक झोका दिला आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

भिंत मातीची होती. धाब्याचं ओझं लाकडी खांबांवर असतं, भिंत म्हणजे नुसतं पांघरूण, हे तिने घर बांधताना जीवरामला विचारून घेतलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "तुले काय करनं शे?" तिला तेव्हा काही करायचं नव्हतं. तिने कोळशाने भिंतीवर खुणा केल्या: रुंदी दोन हात, उंची दोन हात, एक वीत, चार बोटं. खालची रेघ मात्र तिने फार खाली घेतली, गुडघ्याच्या थोडी वर. उभ्या माणसाला अशी खिडकी उपयोगाची नसते. ती उभ्या माणसासाठी नव्हती.

पहिले चार-पाच घाव बसले आणि बेबाबाई धावत आली.

"व काबरबाई! येडी व्हयनी का? बठ्ठी आळी बुडाडशी का तू?"

भागाबाईने पहार खाली ठेवली नाही. झोळीतून खोकल्याची उबळ आली, लांबली, आणि मधेच तुटली. दोघी बायका जागच्या जागी थांबल्या. मग पुन्हा श्वासाचा आवाज आला.

बेबाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला.

"तशी नको मारू," ती म्हणाली. "वरथून सुरू कर. नही तं बठ्ठी भित डोकावर येई."

संध्याकाळी जीवराम आला. त्याने खिडकीकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. ती कुणाला होती ते कळलं नाही. पण घरी जाऊन तो बाभळीची दोन जाड लाकडं घेऊन आला आणि खिडकीच्या माथ्याशी बसवून गेला. जाताना म्हणाला, "काठनी माती वल्ली शे. पोरले हात लावू देऊ नका."

खोकला काही त्या दिवशी थांबला नाही. आठ-दहा दिवस रेंगाळला. पण धूर घरात बसायचा सोडून नाल्याच्या वाटेने जायला लागला. चुडामण परत आला तेव्हा उंबऱ्यातच थबकला. भागाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो खिडकीशी गेला, वाकला, बाहेर बाभळीवर दोन साळुंक्या भांडत होत्या त्या पाहत राहिला.

"ह्या व्हत्या व्हय," तो एवढंच म्हणाला.

श्रावणात कुंदा त्या खिडकीचा काठ धरून पहिल्यांदा उभी राहिली.

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जीवराम बातमी घेऊन आला. म्युनिसिपालिटीत नवा साहेब आला होता. त्याने गोठ्यांचं दप्तर पाहून विचारलं म्हणे, की या आळीत अकरा गाई आहेत तर दूध जातं कुठे? आणि गुराखी राहतात कुठे? आता गोठ्यात चूल दिसली किंवा खिडकी दिसली, की त्याला घर धरायचं आणि नोटीस द्यायची. मागची भिंत पाडायची. मोजणी उद्याच.

आळी भागाबाईच्या ओट्यावर जमली. कुणी तिला बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं. कमलबाई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला सातवा महिना होता.

"एक दिवसनी गोट शे," बेबाबाई म्हणाली. "गोवऱ्या रची दे. गोठामा गोवऱ्या ऱ्हातसच."

सकाळी भागाबाईने आणि चुडामणने मिळून गोवऱ्या रचल्या, काठापासून माथ्यापर्यंत, फट न ठेवता. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. चुडामण बोडीला आणायला गेला. भागाबाईने चुलीवर डाली पालथी घातली, झोळी सोडून गुंडाळली, आणि वळून पाहिलं तर कुंदा रांगत भिंतीशी गेली होती.

तिने सवयीने हात वर केले आणि काठ धरून उभी राहिली. समोर गोवऱ्या. तिने एका गोवरीवर थाप मारली. थांबली. पुन्हा मारली. रडली नाही. मान वळवून आईकडे पाहिलं. भागाबाई ज्या नजरेने जगाकडे पाहत आली होती, अगदी त्याच नजरेने.

बाहेर बेबाबाईचा आवाज आला, "ऊना व, सहावा घर करी राहिना!"

भागाबाईने गुंडाळलेली झोळी खाली ठेवली. मग खाली बसली आणि वरची गोवरी काढली. मग तिच्याखालची.

चुडामण बोडीला घेऊन दारात आला तेव्हा निम्मी खिडकी मोकळी झाली होती. त्याने दावं सोडून उरलेल्या गोवऱ्या उचलायला सुरुवात केली.

या खेपेला बोडी उंबऱ्यावर अडली नाही. ती सरळ आत चालत गेली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि बाभळीच्या शेंगा ओरबाडू लागली.

तोतारामने जोडा काढला आणि तो आत आला. भागाबाईने कुंदाला कडेवर घेतलं होतं. बेबाबाईने शेणाचा पो आणलाच नव्हता. ती दाराला टेकून उभी होती.

तोतारामची नजर खिडकीवर गेली. मग त्याने डबीतून फीत काढली, बोडीच्या मानेला हाताने जरा बाजूला सारलं आणि खिडकी मोजली. रुंदी मोजली. उंची मोजली. उंची पुन्हा मोजली.

"हे माप कुणी दिलं?"

"तुम्हीच, भाऊसाहेब," भागाबाई म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा नीट निघाला.

तो वाकला. खालच्या काठाच्या मातीत, ती ओली असताना उमटलेले हाताचे इवले इवले पंजे होते. चार-पाच, एकावर एक. त्याने आपलं बोट एका पंजाशेजारी टेकवलं. पंजा त्याच्या बोटाच्या दोन पेरांएवढा होता.

"वासरू आहे वाटतं."

दाराशी चुडामणने कुंदाकडे पाहिलं.

"हां," भागाबाई म्हणाली.

"केवढं?"

"धा महिनानं. धरीसन उभं ऱ्हास आते."

तोतारामने मान हलवली. तो सरळ झाला, फीत गुंडाळली. दाराकडे जाताना थांबला.

"साहेबांनी माणसांच्या खिडक्या शोधायला सांगितल्या आहेत," तो बोडीच्या पाठीकडे पाहत म्हणाला. "ही तर तिची दिसते."

"काय लिखशात मंग?" भागाबाईने विचारलं. बेबाबाईने कपाळाला हात लावला.

तोताराम पहिल्यांदाच हसला. "गोठा. गाय एक, बिनशिंगी. वासरू एक. मागील भिंतीस गाईकरिता खिडकी, तीन बाय चार. बरोबर?"

"वासरूले खोकला व्हता ते नही लिखनार?"

"त्याला रकाना नाही, बाई."

त्याने जोडा घातला आणि तो निंबाकडे गेला. पारावर बसला, दौत उघडली, टाक सोग्याला पुसला. पाठ आळीकडे.

बेबाबाई बोडीला सोडायला आत आली. बोडी खिडकीतून मान काढेना. "चाल व माय," बेबाबाई म्हणत होती, पण आज तिच्या आवाजात घाई नव्हती. चुडामण ओट्यावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला.

भागाबाई दारात आली. ओट्याखाली कमलबाई उभी होती. कधी आली, कुणाला कळलं नव्हतं. पदर पोटावरून पुढे घेतलेला, नजर भागाबाईच्या खांद्यावरून आत, मागल्या भिंतीतून येणाऱ्या उजेडावर.

"दोन हात," ती हळूच म्हणाली. "एक वीत. आनी?"

भागाबाईने हात पुढे केला आणि अंगठा मिटून चार बोटं दाखवली. कुंदाने त्यातलं एक घट्ट धरलं.